मागची भिंत

"सर, याही वेळी खालचा आवाज कमी वाटतोय. जरा पोकळ येतंय. बघता का प्लीज?" पुढे जोडलेले दोन हात. रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता, अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन, त्याने हा निरोप उभ्या उभ्या तीनदा वाचला. पोकळ म्हणे! एकतीस वर्षं माणसांचे, वाद्यांचे, दारांचे, पावलांचे, भांड्यांचे आवाज एकमेकांशेजारी नीट बसवण्यात घालवली, आणि आता त्याच्या निम्म्या वयाची दिग्दर्शिका त्याला पोकळ म्हणजे काय ते शिकवणार. बरं, भांडावं तर तेही नाही, कारण बाई वागायला इतकी गोड की तिच्यावर चिडलं तर आपणच खडूस ठरतो. 'याही वेळी' हे मात्र तिने बरोब्बर लिहिलं होतं. दहा दिवसांपूर्वी मालिकेचा पहिला भाग असाच परत आला होता. नुसत्या कानांनी ऐकायची मालिका, दहा भागांची. नदीवरची एक जुनी प्रवासी बोट आणि ती चालवणारा म्हातारा. बोटीचं इंजिन, पाणी, म्हाताऱ्याचा खर्जातला आवाज. म्हणजे गोष्टीचा सगळा जीव खालच्या सुरांत, आणि नेमके तेच नाहीत असं बाईचं म्हणणं. तो चौथ्यांदा वाचायला गेला तेव्हा खाली आणखी एक ओळ येऊन पडली होती. "उद्या सकाळी दहापर्यंत दुरुस्त झालं तर ग्रेट. नाहीतर बाकीचे भाग आपण दुसरीकडे करून घेऊ, तुमच्यावर उगाच लोड नको." लोड नको! त्याने टॉवेलने फेस पुसून टाकला आणि एक गाल तसाच ठेवून तो आतल्या खोलीत गेला.

आतली खोली म्हणजे फ्लॅटच्या टोकाची, दहा फूट रुंद, तेरा फूट लांब. ज्या स्टुडिओत त्याची उमेदीची वर्षं गेली तो अडीच वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हा तिथले दोन मॉनिटर स्पीकर त्याने घरी आणले. काळे, जड, उचलताना कंबरेत लचक भरेल असे. टेबलाच्या दोन बाजूंना दोन लोखंडी स्टँड, त्यांवर हे दोघे, आणि दोघांची तोंडं किंचित आत वळवलेली. डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिन्हींमधली अंतरं सारखी हवीत. बारीक आवाज काढणारी वरची वाटी बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवी. मागच्या भिंतीला स्पीकर चिकटवायचे नाहीत, कोपऱ्यात कोंबायचे नाहीत, डावीकडे भिंत जेवढी लांब तेवढीच उजवीकडे. हे त्याने आयुष्यात इतक्या लोकांना सांगितलं होतं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं असतं. लोक मान डोलवत आणि घरी जाऊन एक स्पीकर फ्रिजवर, दुसरा खिडकीत ठेवत. त्याच्या खोलीत तसलं काही नव्हतं. स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या, दोन वर्षांपूर्वी मोजूनमापून केलेल्या, आणि झाडूपोछा करताना त्या पट्टीला धक्का लागला तर घरात महाभारत होत असे. त्याने खुर्चीत बसून दुसरा भाग लावला. बोटीचं इंजिन सुरू झालं. काय भरीव होतं! पोटात जाणवत होतं. म्हातारा बोलला, तर जणू खोलीतच उभा. "हे पोकळ?" तो मोठ्याने म्हणाला. मग फोनवर तेच लावलं, कानात बोंडं घालून ऐकलं, स्वयंपाकघरात जाऊन बायकोच्या छोट्या स्पीकरवर लावलं. इंजिन शिवणयंत्रासारखं टरटरत होतं आणि म्हातारा बादलीत तोंड घालून बोलत होता. बाई बरोबर होती. त्याला तिचा आणखीच राग आला.

आता इथे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर खोली खोटं बोलत होती, नाहीतर कान. खोली खोटं बोलत असेल तर ठीक आहे, खोलीला वठणीवर आणता येतं. पण कान? छप्पन्न वर्षांचा माणूस असा विचार करायला लागला की पाचावर धारण बसते. त्याला एकदम तो कीबोर्डवाला आठवला, जुन्या स्टुडिओतला. उत्तम माणूस, बोटांत जादू, पण पन्नाशीनंतर त्याचे कान वरच्या सुरांना बंद झाले आणि गडी प्रत्येक गाण्यात वरचे सूर वाढवत सुटला. ऐकणाऱ्याच्या दातांत कळ येई. सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला नाही. कुणी सांगितलं नाही. तो बाहेर चहा प्यायला गेला की आत सगळे त्याची नक्कल करून हसायचे, आणि हसणाऱ्यांत आपण पहिले होतो हे त्याला आता लख्ख आठवलं. शेवटी त्या माणसाला बोलावणंच बंद झालं. भांडण नाही, निरोप नाही, उगाच लोड नको असंच काहीतरी कुणीतरी म्हटलं असेल. म्हणजे आपलीही पाळी आली की काय? खालचे सूर कानाला जास्त येत असतील, म्हणून आपण ते कापत असू, आणि जगाला पोकळ मिळत असेल? त्याने डाव्या कानाशी बोटं चोळली, मग उजव्या. सारखंच आलं. पण ते काय, बोटं चोळून का कान तपासतात! हे काम गेलं तर दुसरं मिळेल, नाही मिळालं तर शिकवण्या घेता येतील. पण कान गेले तर तो कोण उरणार होता? अंगात दुसरं काही कसबच नव्हतं. त्याला साधा खिळा ठोकता येत नसे.

"अगं, जरा इकडे ये," त्याने हाक मारली. "टेप धर."

बायको रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामाला होती. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या नळ्या हलवून सातव्या दिवशी नवऱ्याची टेप धरायची, हे तिच्या नशिबी अधूनमधून येत असे. ती ओल्या हातांनी आली आणि त्याचा गाल बघून दारातच थांबली. "अहो, अर्धीच दाढी?"

"ते राहू दे. हे टोक डाव्या स्पीकरच्या वाटीवर धर. वाटीवर, लाकडावर नाही."

"वाटीवरच आहे. पण झालं काय?"

"काही झालं नाही. बाईला पोकळ वाटतंय."

"मग असेल पोकळ."

"तू पण?" तो खुर्चीत बसून टेपचं दुसरं टोक स्वतःच्या नाकाशी ओढत म्हणाला. "किती?"

"मला काय विचारता, आकडा तुमच्या नाकाखाली आहे."

आकडा बरोबर होता. उजवीकडचाही बरोबर. दोन वर्षांत सूतभर फरक नाही. हे तर फारच संतापजनक होतं. काही चुकलेलं सापडलं असतं तर माणूस निदान दुरुस्त करतो. त्याने खर्जापासून वर चढत जाणारा एकच सूर लावला, खोली कुठे गडबड करते ते पाहायला. सूर खालून निघाला आणि एका ठिकाणी असा फुगला की खिडकीची काच थरथरली, मग पुढे पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच फुगला. फुगवटा होता तर! म्हणजे खोलीच खालचे सूर फुगवून सांगत होती. पण जागा तीच, स्पीकर तेच, टेबल तेच, मग दोन वर्षं गप्प बसलेली खोली आता का बोंबलते? की खोली पूर्वीपासून अशीच होती, आणि पूर्वी हा फुगवटा ओळखून तेवढा सोडून देणारे कान आता बधिर झाले? त्याला काही ठरवता येईना. मग त्याने जे करू नये ते केलं. चिकटपट्टीच्या खुणा उचकटल्या आणि स्पीकर हलवायला घेतले.

अकरा वाजेपर्यंत स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे आले. साडेअकराला दोन वीत मागे गेले. मग टेबलच पुढे ओढलं, खुर्ची मागे सरकवली, कपाट कडेला ढकललं तर त्यामागून गेल्या वर्षी हरवलेला बायकोचा चष्मा निघाला. "बघा, एवढं तरी झालं," ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही. दर वेळी तो स्टँड उचलायचा, ती टेप धरायची, तो डोळे मिटून बसायचा, सूर लागायचा आणि त्याच जागी हत्तीसारखा अंग फुगवून उभा राहायचा. दोनदा खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या छताला काठी ठोकली. "दिवसभर ह्यांचं ड्रिल चालतं ते आम्ही ऐकतो ना!" तो जमिनीकडे बघून ओरडला. बायको म्हणाली, अहो हळू, त्यांच्या सासूबाई आजारी आहेत. झालं, म्हणजे आता स्वतःच्या घरात हळू. या घरात त्याला कधी मोकळेपणाने काम करता आलं म्हणून! आधी आई होती तेव्हा तिच्यासाठी हळू, आता कुणाची तरी सासू. हे त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण कसंतरी होणं हे त्याला त्या क्षणी परवडणारं नव्हतं, म्हणून त्याने स्टँडचा स्क्रू उगाचच आवळला.

आई गेली त्याला तीन महिने झाले होते. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून थेट इथे आली. तेव्हा तो नुकताच ही खोली लावायला बसला होता. आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढला होता त्याने, सुबक, पेन्सिलीने. दार, खिडकी, टेबल, कपाट, स्पीकर, खुर्ची. आईची कॉट कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा जागा एकच होती, ह्या खोलीची मागची भिंत, त्याच्या खुर्चीच्या पाठीमागे, कोपऱ्याला लावून. "तात्पुरतं," तो बायकोला म्हणाला. "महिना-दीड महिना. ती चालायला लागली की बाहेरच्या खोलीत हलवू." आई चालायला लागली नाही. कॉट तिथेच राहिली, तिच्यावर दोन जाड गाद्या, कारण एकीवर तिचं हाड दुखे, आणि कॉटखाली तिच्या कपड्यांची बोचकी, रजया, गोधड्या, कशालाही ती हात लावू देत नसे. खोलीचं मोजमाप त्याने त्याही स्थितीत केलं, करावंच लागलं. माइक उभा केला आणि म्हणाला, "आई, दोन मिनिटं खोकू नकोस." तिने पांघरुणाचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मोठ्ठे करून पडून राहिली. दोन मिनिटांची वीस मिनिटं झाली. तिने टोक सोडलं नाही. शेवटी बायकोनेच येऊन ते तिच्या तोंडातून काढलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने माइक गुंडाळून ठेवला.

तसा तो वाईट मुलगा नव्हता. औषधं आणायचा, रात्री उठायचा, पाय चेपायचा. पण ती दिवसभर पाठीशी होती, आणि पाठीशी सतत कुणीतरी असणं म्हणजे काय ते आवाजाचं काम करणाऱ्यालाच कळेल. ऐन रंगात आलेल्या जागी मागून विचारणार, अरे, किती वाजले? खिडकी लावतोस का? कोण आलं होतं रे? तो वळायचासुद्धा नाही. "आई, जरा," एवढंच म्हणायचा. जरा काय, ते कधी पुरं केलं नाही. जरा थांब, जरा गप्प, जरा दम धर, तिला काय लावून घ्यायचं ते तिने लावून घ्यावं. पुढे पुढे तिचं विचारणं कमी झालं. मग त्याला बरं वाटलं आणि त्याने ते तिला सवय झाली या खात्यावर टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तर तो मोठ्या कौतुकाने सांगायचा, "आईची मजा आहे. जगाच्या आधी सगळं हिला ऐकायला मिळतं. माझी पहिली श्रोती!" पाहुणे हसायचे, आईही हसायची. काम संपलं की कधीतरी तो खुर्ची फिरवून विचारायचा, "काय, कसं झालंय?" ती म्हणायची, "छान. भरल्यासारखं वाटतं." भरल्यासारखं! खालच्या सुरांबद्दल इतकं नेमकं बोलणारी बाई त्याला आयुष्यात भेटली नव्हती. हे त्याने दोन-चार ठिकाणी सांगितलंही होतं.

दोन वाजता तो जमिनीवर बसला. जेवण झालं नव्हतं, कंबर गेली होती, आणि स्पीकर खोलीच्या मधोमध कुणीतरी टाकून दिल्यासारखे उभे होते. "संपलं," तो म्हणाला. "हात टेकले मी. उद्या तिला कळवून टाकतो, माझ्याने होत नाही. कान गेलेत माझे." हे तो पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता.

"काहीतरीच काय! फोनवर पोकळ येतंय ते तुम्हाला कळलं ना? मग कान कसे गेले?" बायको टेप गुंडाळत मागच्या भिंतीशी जाऊन टेकून बसली. सूर अजून चालूच होता, खालून वर चढत होता. "बाई गं, इथे काय घुमतंय! डोकं भणाणलं. आईंची कॉट होती तेव्हा नव्हतं हो असं."

"कॉटचा काय संबंध?" तो खेकसला. "आणि तुला काय माहीत? तू तेव्हा तिथे कधी बसलीस?"

"रोज," ती म्हणाली. "दोन वेळा. त्यांना भरवायला."

त्याने मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. दोन जाड गाद्या. रजया, गोधड्या, बोचकी. कोपऱ्याला लावून, जमिनीपासून हातभर उंच, साडेसहा फूट लांब. खालचे सूर कोपऱ्यात जाऊन साठतात आणि त्यांना गिळायला तिथे काहीतरी जाड, मऊ, अवजड लागतं, हे त्याने किती जणांना सांगितलं होतं! पैसे खर्च करू नका, कोपऱ्यात गाद्या रचा, असं तो छाती ठोकून सांगायचा. त्याने उठून टेबलाचा खण उपसला आणि तो आलेखाचा कागद काढला. दार, खिडकी, टेबल, कपाट, स्पीकर, खुर्ची. मागची भिंत कोरी. दोन वर्षं ती तिथे झोपली, तिथे जेवली, तिथेच गेली, आणि त्याच्या नकाशात ती नव्हती. तात्पुरतं म्हणून काढलीच नव्हती. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी कॉट, गाद्या, बोचकी सगळं हललं, तेव्हा खोलीत काही बदललंय असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. नकाशाप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं. उलट आता खुर्ची मागे घेता येते म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे मालिकेचा पहिला भाग. धंद्यात नवीन पडलेल्या माणसालाही मिनिटभरात सुचलं असतं ते त्याला अडीच महिने सुचलं नव्हतं. शरमेने त्याचे कान तापले. "गाढव आहे मी," तो म्हणाला. "शुद्ध गाढव. कॉट कुठे दिली आपण?"

"खाली. डॉक्टरांच्या सासूबाईंसाठी. गाद्यांसकट दिली, तुम्हीच खालपर्यंत नेऊन दिली की."

"मागून आण. एका दिवसापुरती."

"अहो, त्या बाई झोपल्यात तिच्यावर!"

"मग आपली काढ."

आपली म्हणजे त्यांच्या डबलबेडची गादी. ती दारातून आडवी येईना, उभी येईना. मधे अडकली तेव्हा तो अलीकडे, बायको पलीकडे, आणि दोघंही एकमेकांना दिसत नसताना भांडत होते. तू ढकल. मी ढकलतेय, तुम्ही ओढत नाही. अगं कोपरा दुमड. कोपरा तुमच्याकडे आहे. एकदाची ती सपकन आत आली तर तो तिच्याखाली. मग रजया आल्या, उशा आल्या, पाहुण्यांची गादी आली, बैठकीतलं गालिच्याचं भेंडोळं आलं. सगळं मागच्या भिंतीशी, कोपऱ्याला लावून, कॉटच्या उंचीपर्यंत. स्पीकर पुन्हा पिवळ्या खुणांच्या उरलेल्या चिकट डागांवर ठेवले. टेप, वाटी, नाक. बायकोने न सांगता टोक धरलं. त्याने सूर लावला. सूर खालून निघाला, चढत गेला, त्या जागी आला, जराशी मान वर केल्यासारखी केली आणि निमूट पुढे गेला. त्याने तीनदा लावला. मग दुसरा भाग लावला, आणि त्याच्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत, इंजिन शिवणयंत्रासारखं टरटरलं. इतकं रद्दी काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं आणि ते ऐकून त्याला इतका आनंदही कधी झाला नव्हता. "पोकळ आहे!" तो ओरडला. "अगं, पोकळ आहे! मला ऐकू येतंय!" खालून काठी ठोकली गेली. त्यानेही टाच ठोकून उत्तर दिलं.

पुढचं काम म्हणजे हातचा मळ. कापलेले खालचे सूर त्याने एकेक करून परत आणले, इंजिन पाण्यात बसवलं, म्हाताऱ्याला बादलीतून बाहेर काढलं. पाचच्या सुमाराला दोन्ही भाग गेले. अर्ध्या तासात बाईचं उत्तर आलं, "सर!!! आता कसं! पुढचा भाग पाठवते उद्या." तीन उद्गारचिन्हं. काम वाचलं होतं, कान शाबूत होते. त्याने खुर्चीत आळस दिला आणि मागे वळून पाहिलं. बायको त्या ढिगावर कुशीवर आडवी झाली होती, भिंतीकडे तोंड करून, दिवसभराच्या दगदगीने डोळे मिटून. म्हाताऱ्याचा आवाज हळू चालूच होता. तो काम नेहमी हळू आवाजातच ऐकायचा, चुका लवकर पकडता येतात.

"काय," तो खुशीत म्हणाला, "कसं झालंय?"

"छान," ती डोळे न उघडता म्हणाली. मग जरा वेळाने, "पण इथून बोलणं कळत नाही हो."

"कळत नाही म्हणजे?"

"आवाज येतो. म्हातारा काहीतरी बोलतोय एवढं कळतं. काय बोलतोय ते नाही. तुमच्या त्या खुर्चीची पाठ मधे येते आणि सगळं ह्या गाद्यांत मुरतं. नुसतं भरल्यासारखं वाटतं."

तो खुर्चीवरून उठला. दोन वर्षं. किती गोष्टी, किती गाणी, किती नाटकं. पहिली श्रोती. "आई तुला कधी काही बोलली होती?" त्याने विचारलं.

बायको उठून बसली. हे सांगावं की नाही असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "एकदा म्हणाल्या होत्या. शब्द समजत नाहीत गं, नुसतं घों-घों येतं. मी म्हटलं, सांगते ह्यांना, एखादा स्पीकर तुमच्याकडे वळवतील. तर माझा हात धरला. म्हणाल्या, नको, अजिबात सांगू नकोस. तो आणखी दिवसभर ते डबे हलवत बसेल आणि चिडचिड करेल. त्यापेक्षा चाललंय ते चालू दे, तो खोलीत आहे एवढं कळतं ना."

त्याला आईचा राग आला, खराखुरा, सणसणीत राग. सांगायला काय झालं होतं? तोंड होतं ना? एका शब्दाने सांगितलं असतं तर! आणि मग तिच्या तोंडातलं ते पांघरुणाचं टोक त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि रागाला जागाच उरली नाही. त्याने पाठ फिरवली आणि डाव्या स्पीकरला मिठी मारून तो स्टँडवरून उचलला.

"आता काय?" बायको म्हणाली. "अहो, काम झालं ना?"

त्याने खुर्ची दाराबाहेर ढकलली. डावा स्पीकर गाद्यांच्या पायथ्याशी एका बाजूला, उजवा दुसऱ्या बाजूला, दोघांची तोंडं मागच्या भिंतीकडे. आडव्या माणसाचा कान बसलेल्या माणसापेक्षा खूप खाली असतो, म्हणून त्याने स्टँडचे स्क्रू सैल करून त्यांना खाली, आणखी खाली बसवलं. मग उशी नीट केली, तिच्या मधोमध बोटाने खळगा पाडला आणि टेपचं टोक तिथे धरलं.

"पकड," तो म्हणाला.

बायकोने दुसरं टोक डाव्या वाटीवर धरलं, लाकडावर नाही. मग उजव्या. उजवा दोन बोटं लांब होता, त्याने तो अलीकडे घेतला. पुन्हा मोजलं. "उद्या हे सगळं परत लावायला लागेल," ती हळूच म्हणाली.

"लागू दे. तू झोप. भिंतीकडे नको, सरळ. डोकं उशीच्या मधे."

ती झोपली. त्याने आवाज नेहमीएवढाच हळू ठेवला आणि पहिला भाग सुरुवातीपासून लावला. बोट धक्क्याला लागली, पाणी फळ्यांवर आपटलं, आणि म्हाताऱ्याने वर कुणाला तरी हाक मारली. तो स्वतः स्पीकरच्या मागे, भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. तिथे त्याला नुसता गोंगाट येत होता.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"खालची पायरी ओली आहे," बायको छताकडे बघत म्हणाली, "जपून ये."

"आणि पुढे?"

ती पुढचं सांगू लागली. एकेक वाक्य, जसं येईल तसं, आणि तो मान खाली घालून प्रत्येक शब्द ऐकत राहिला.